आता वाजंल हं

ताट पडलं. एवढंच झालं होतं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून स्टीलचं ताट घसरलं, फरशीवर आपटलं आणि उगीचच गोल गोल फिरत बराच वेळ खणखणत राहिलं. बाहेरच्या खोलीत जालिंदर अकरावीचे जीवशास्त्राचे पेपर तपासत होता. त्याचे दोन्ही हात कोपरापासून वर उडाले, लाल पेन कुठल्या कुठे जाऊन पडलं. उंबऱ्याशी त्याची आई मेथी निवडत बसली होती. तिचेही हात तसेच उडाले आणि निवडलेली नि न निवडलेली भाजी एक झाली. या दोघांच्या मधे सतरंजीवर दुपट्यात गुंडाळलेली त्याची महिन्याची पोर झोपली होती. तिनेही हात बाहेर फेकले, इवलीशी बोटं ताणली, तोंड उघडलं, आवाज न करता क्षणभर तशीच राहिली आणि मग रडू लागली. तिघांचे हात एकाच वेळी, एकाच तऱ्हेने उडालेले जालिंदरने पाहिले. आतून त्याची बायको माधुरी म्हणाली, "काही नाही हो, ताट होतं." ताटाच्या सगळ्यात जवळ ती होती आणि ती अजिबात दचकली नव्हती. देवळाली प्रवऱ्याची पोर. साखर कारखान्याच्या भोंग्यावर झोपायची आणि भोंग्यावर उठायची सवय. आईने मेथीचे हात पदराला पुसून बाळाला उचललं. जालिंदर पेन शोधायच्या निमित्ताने पलंगाखाली वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला.

त्याला सगळं माहीत होतं, हीच तर पंचाईत होती. नवजात बाळ मोठ्या आवाजाने हात फेकतं. जगातलं प्रत्येक धडधाकट बाळ फेकतं, नाही फेकले तरच डॉक्टर काळजीत पडतात. हे त्याने स्वतः वर्गात शिकवलं होतं, फळ्यावर चित्र काढून. तीनचार महिन्यांत ते आपोआप जातं. पण आपलं गेलं नाही, आईचं गेलं नाही, हे त्याला पलंगाखालच्या धुळीत पेन चाचपडताना अगदी स्पष्ट दिसलं. परक्याच्या बाळाला लागू पडणारं शास्त्र आपल्या बाळापाशी आलं की हातपाय गाळतं. त्यातून गेल्या उन्हाळ्यात तो पुण्याला प्राध्यापकांच्या उजळणी वर्गाला गेला होता, ते एक जास्तीचं होऊन बसलं होतं. तिथे एका पाहुण्या शास्त्रज्ञाने सांगितलं होतं की जनुकं म्हणजे पुस्तक धरलं, तर पुस्तक तेच राहतं, पण काही पानांना टाचण्या लागतात. टाचणी लागलेलं पान उघडत नाही. या टाचण्या जगता जगताही लागतात, उपासमारीने लागतात. धास्तीनेही लागत असतील का, यावर आता काम चाललंय. उंदरांवरचा एक ताजा प्रयोगही त्यांनी सांगितला. जी आई पिल्लांना भरपूर चाटते, तिची पिल्लं मोठेपणी वेगळी निघतात; जी चाटत नाही, तिची पिल्लं आयुष्यभर धास्तावलेली. माणसाचं अजून काही नक्की नाही, असं ते दोनदोनदा म्हणाले होते. पण जालिंदरच्या कानाने नेमकं तेवढं सोडून बाकीचं घरी आणलं. त्या लेखाची झेरॉक्स त्याच्या कपाटात होती आणि माधुरीला तेव्हा पाचवा महिना होता.

आपल्या घरात ते आहे, हे त्याला लेख वाचण्याआधीपासून ठाऊक होतं. घरात त्याला नाव होतं, आभाळ. लहानपणी तो शाळेतून घरी यायचा तर आई भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. चूल थंड. डोळ्यांत पाणी नाही, तोंडात शब्द नाही. वडील, सहादेव त्यांचं नाव, आवाज न करता भाकरी थापायचे आणि म्हणायचे, "बाहेर खेळ जा बाबा, आईला आभाळ आलंय." ते कधी दोन दिवसांत निघून जायचं, कधी अख्खा पंधरवडा मुक्काम करायचं. सोनईच्या पुढच्या त्या उघड्या गावात खऱ्या आभाळाची वाट सगळेच बघायचे. हे एकच आभाळ असं होतं की ते आलं की बापलेक घाबरायचे. पुढे एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पुण्याच्या वसतिगृहात ते त्याच्याकडे आलं. काही कारण नव्हतं. परीक्षा लांब होती, प्रेमभंग वगैरे काही नव्हता. एका सकाळी उठवेना, एवढंच. दुसऱ्या सकाळीही उठवेना. छताच्या पंख्याकडे बघत तो पडून राहिला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की अच्छा, आई इथे येऊन बसायची तर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर्षभर चालल्या. गावी त्याने कावीळ झाल्याचं कळवलं. आईने ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला काविळीचं औषध न आणता नुसतीच येऊन त्याच्या खोलीत दिवसभर बसून गेली होती. तिला कळलं असेल का, हे त्याने कधी विचारलं नाही, तिनेही कधी सांगितलं नाही.

आणि आईची ती दुसरी सवय. आवाज होण्याआधी ती सांगायची. कुकरने फुसफुस सुरू केली की, "आता वाजंल हं." खालच्या मजल्यावरच्या गनीभाईंनी स्कूटरवर टांग टाकली की, "आता वाजंल हं," कारण ती स्कूटर सुरू होताना हमखास बार काढायची. हातातली बादली खाली ठेवतानासुद्धा. वीज चमकली की गडगडाट येईपर्यंतच्या फटीत आई बरोब्बर ते तीन शब्द बसवायची. शाळेच्या मैदानावर पंधरा ऑगस्टला बँड सुरू होण्याआधी ती सगळ्या आयांच्या घोळक्यातून मोठ्याने म्हणाली होती, "जालू, आता वाजंल हं!" आणि पोरं वर्षभर त्याला त्याच नावाने हाका मारत होती. लग्नातही मंडपात बुद्धवंदना आटोपली, ताशेवाले उठले, आणि नवरदेवाच्या मागून आवाज आलाच. माधुरी तेव्हा पदराआड हसली होती. तिला ते आवडायचं. जालिंदरला मात्र वाटायचं, ही बाई सगळ्या जगाची शिट्टी आधी आपल्या पोटात वाजवून घेते. नगरला आल्यापासून एकच आवाज तिला नमवून होता. गावाबाहेर के. के. रेंजवर लष्कराचा तोफांचा सराव चालायचा, धडाका यायचा, खिडक्यांची तावदानं थरथरायची. नगरकरांना त्याचं काही नाही, ते चहाचा कपही हलू देत नाहीत. आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "ह्येची येळ काय असती रे?" तो म्हणाला होता, "लष्कर काय आपल्याला कळवून करतंय होय?" तिने मान हलवली होती, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

ताट पडलं त्या संध्याकाळी कुकर फुसफुसू लागला. आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती बाळाच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आता वाजंल हं, माझे बाई." जालिंदरच्या तोंडून निघून गेलं, "आई, तिच्यासमोर ते म्हणायचं नाही." आईने वर पाहिलं. तो म्हणाला, "तू आधी घाबरवतेस. आवाज व्हायच्या आधीच भीती शिकवतेस तिला. मला शिकवलीस तशी." शिट्टी झाली. बाळ दचकलं.  आईने बाळाच्या छातीवर हात ठेवला आणि शिट्टी पूर्ण निवेपर्यंत तो तसाच ठेवला. आपण बरोबर बोललो असं जालिंदरला वाटत होतं. शास्त्राला धरून बोललो असंही वाटत होतं. तरी जेवताना तो भात नुसता चिवडत राहिला. माधुरीने त्याच्या ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि आमटी वाढली.

तेव्हापासून घर गप्प झालं. म्हणजे आवाज होतेच, पण ते न सांगता यायला लागले. गनीभाईंची स्कूटर बार काढायची आणि जालिंदर दाढी करता करता गाल कापून घ्यायचा. आपण इतकी वर्षं त्या तीन शब्दांवर टेकून उभे होतो, हे त्याच्या लक्षात येत होतं आणि तो ते लक्षात येऊ देत नव्हता. आईने कुकर लावणं सोडलं. पातेल्यात भात शिजवू लागली. बादली दोन्ही हातांनी, श्वास रोखून टेकवायची. सकाळी बाळाला पायांवर घेऊन तेल लावायची, न्हाऊ घालायची, ओव्याची धुरी द्यायची, सगळं करायची, पण मुक्याने. आणि जालिंदर बाळाला घेत नव्हता. पहिल्या दिवसापासूनच तो जपून होता. आता तर त्याने ठरवूनच टाकलं. पेपर आहेत, सर्दी आहे, हात गार आहेत, कॉलेजात मीटिंग आहे. खरं कारण असं होतं की तिला छातीशी धरलं आणि तेवढ्यात काही वाजलं, तर आपल्या अंगातला तो झटका तिच्या अंगात जाईल, असं त्याला वाटायचं. शिकलेल्या माणसाला हे असं वाटतं याची त्याला लाज वाटत होती, पण लाजेने ते जात नव्हतं. दुरून तो तिला पाहायचा. झोपेत ती ओठ चोखायची, कपाळाला आठी घालायची, आणि त्याचा हात आपोआप तिच्याकडे निघायचा. अशा वेळी तो गॅलरीत निघून जायचा. स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे गोरक्षनाथ सर म्हणाले, "काय सर, लेक झाल्यापासून तुमचंच बाळंतपण झाल्यासारखं तोंड झालंय." सगळे हसले, तोही हसला.

एका दुपारी तो कॉलेजातून आला तर माधुरी दारातच उभी होती. "आईंनी सकाळपासून काही खाल्लं नाही," ती हळूच म्हणाली. "बाळाचं करून झालं आणि बसल्यात त्या तिकडे तोंड करून. हाक मारली तर हं म्हणतात फक्त." मग तिचा आवाज चढला. "मला तुमचं शास्त्र समजत नाही. पण या घरात एक माणूस लेकीला हात लावत नाही आणि एक माणूस तोंड उघडत नाही. मी बाळंतीण आहे की वॉचमन?" चपला काढून तो आत गेला. आतल्या खोलीत आई भिंतीकडे तोंड करून बसली होती, अगदी तशीच, जशी त्याच्या शाळेच्या दिवसांत. तोच वाकलेला पाठीचा कणा, तोच डोक्यावरून घसरलेला पदर. दप्तर खांद्याला घेऊन दारात उभा राहिलेला तो पोरगा जालिंदरच्या आत पुन्हा उभा राहिला आणि बाहेर खेळायला जायला निघाला. पण आता बाहेर जा म्हणायला वडील नव्हते. तो आईजवळ जाऊन जमिनीवर बसला. तोही भिंतीकडे बघू लागला. भिंतीवर काही नव्हतं, कॅलेंडरचा एक रिकामा खिळा होता.

"आई, डॉक्टरकडे जाऊ. गोळ्या मिळतात यावर. मी घेतल्यात."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "काविळीचं डोळं मी वळखीत न्हाई व्हय." मग तिने मान वळवली. "तू पोरीला घेत का न्हाईस?"

तो सांगायला लागला. उंदीर, टाचण्या, पुस्तकाची पानं. सांगता सांगता त्याचं त्यालाच ते हास्यास्पद वाटू लागलं, तरी तो थांबला नाही, कारण थांबला असता तर रडला असता. माझ्या अंगात काहीतरी आहे, तिला ते लागू नये, एवढंच शेवटी तो म्हणाला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी ते माझ्याकडनं आलं म्हन तुझ्यात."

 नाही म्हणणं खोटं झालं असतं आणि हो म्हणायला जीभ उचलेना. बाहेर माधुरी बाळाशी काहीबाही बोलत होती. आई पुन्हा भिंतीकडे वळली आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं सांगू लागली.

"बहात्तरच्या दुष्काळात तू पोटात हुतास. पाझर तलावाचं काम निघाल्तं. आमी बाया खडी फोडायचो, तुझं वडील सुरुंगाची भोकं पाडायचं. रेशनच्या मिलोच्या भाकरी आन सरकारी सुकडी, ह्येच्यावर जगलो. बार उडायच्या आदी एक गडी लाल फडकं घिऊन टेकाडावं चढायचा, वरडायचा, पळाऽ पळाऽ. आमी बांधाच्या आड जाऊन बसायचो. एक दिस तो वरडलाच न्हाई. पानी प्यायला गेल्ता म्हनत्यात, कोन म्हनतं झोपला हुता. लंकाबाई माझ्या शेजारी बसल्याली. माझ्या वाटचं घमेलं तीच उचलायची, मी पोटुशी म्हनून. बार उडाला आन..." आईने हाताचा पंजा उघडला आणि मिटला. "मला खरचटलं पन न्हाई. तू पोटात असा फिरला, असा फिरला, मला वाटलं आता ह्यो बाहीर येतोय. मग धा-बारा दिस तू हाललाच न्हाईस. मी म्हनलं, भ्यालं माझं लेकरू. गेलं बहुतेक."

ती थांबली. जालिंदरचा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला. तिच्या पाठीची हाडं बोटांना लागली.

"काम तर सोडता येईना. खायाचं काय? तवा मी ठरीवलं, दुसरं कुनी सांगंल न सांगंल, आपुन सांगायचं. सुरुंगाच्या वातीचा वास यायचा मला. वास आला की पोटावं दोनी हात ठिवायची आन म्हनायची, आता वाजंल हं, भिऊ नको, मी हाय. मंग वाजायचं. तू हालायचास आन गप व्हायचास. हालायचास आन गप व्हायचास. तवा कळलं मला, हाय लेकरू, ऐकतंय." ती जरा हसली; आभाळ आलेलं असताना ती हसलेली जालिंदरने जन्मात पाहिली नव्हती. "तुजं शास्त्र खरं असंल बाबा. मी तुला भ्या दिलं असंल. पन न सांगता न्हाई दिलं."

 जालिंदरला त्या झेरॉक्समधली एक ओळ आठवत होती, जिच्यावरून त्याची नजर प्रत्येक वेळी पुढे सरकली होती. खूप चाटलेली पिल्लं घाबरतच नाहीत, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तीही घाबरतात. फक्त घाबरून झाल्यावर लवकर निवतात. वसतिगृहातला तो पंखा त्याला आठवला. तेव्हा पुन्हा उठलो कसे, हा प्रश्न त्याने कधी स्वतःला विचारला नव्हता; पडलो कसे, एवढंच तो विचारत आला होता. आईच्या पोटावरचे ते दोन हात त्याला दिसले, खडीने सोललेले, धुळीने पांढरे झालेले. आतल्या अंधारात आपल्याला काय ऐकू आलं असेल, एक खोल गुरगुर, मग तिचा आवाज, मग जग फुटल्याचा आवाज, आणि मग पुन्हा तिचाच आवाज. आईवर आपण ज्या शब्दांसाठी आयुष्यभर चिडलो, शाळेत तोंड लपवलं, परवा बंदी घातली, ते शब्द पहिल्यांदा आपल्यासाठी म्हटले गेले तेव्हा आपले कानही पुरते झाले नसतील, असं वाटून त्याला भडभडून आलं. "चुकलो गं आई," तो म्हणाला. आईने त्याच्या डोक्यावर एक चापट मारली, हलकीच. मग, "दोन घास आन," म्हणाली. माधुरीने आणलेल्या भातातले तिने खरोखर दोनच घास खाल्ले आणि पुन्हा भिंतीकडे वळली. आभाळ एवढ्याने जात नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याने आपली पेपरांची चळत तिथेच आणली आणि अंधार पडेपर्यंत तिच्याशेजारी बसून तपासत राहिला.

सकाळी थंडी चांगलीच होती. आईने नेहमीसारखं बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली, आणि दुपट्यात गुंडाळून इकडेतिकडे पाहिलं. माधुरी न्हाणीघरात होती. जालिंदर दारात उभा होता. आईने नुसतं बोचकं पुढे केलं. त्याने हात पुढे केले. ती इतकी हलकी असेल, इतकी ऊबदार, तिच्या टाळूला ओव्याचा आणि तेलाचा असा वास येत असेल, हे एवढे दिवस घरात राहूनही त्याला माहीत नव्हतं. त्याने तिला छातीशी धरलं, घट्ट नाही आणि सैलही नाही, आणि गॅलरीच्या दाराशी उन्हात उभा राहिला. खाली गनीभाई स्कूटर पुसत होते. त्यांनी हात हलवला. तेवढ्यात के. के. रेंजच्या बाजूने पहिला धडाका आला.

तावदानं थरथरली. जालिंदरचं सगळं अंग उडालं, आणि त्याच्या छातीवर त्या इवल्या हातांनी दुपट्यातून सुटायची धडपड केली. मागे आईच्या हातातली वाटी खाली पडली. व्हायचं ते झालं, त्याच्या मनात आलं, गेलं हिच्यात.  बाळाने तोंड उघडलं, अजून आवाज फुटला नव्हता. रेंजवरचे धडाके एकटे येत नाहीत. एक आला की मागून दुसरा असतोच, हे नगरात राहणाऱ्या कुणालाही कळतं. त्याला मागून आई उठल्याचा आवाज आला. मग पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, तिचा तेलकट तळहात येऊन टेकला.

"जालू," आई म्हणाली, "आता वाजंल हं."

त्याने मान खाली घातली. ओठ बाळाच्या कानाला लागले. शाळेत गेल्यापासून टाकून दिलेली गावची बोली न शोधता त्याच्या जिभेवर आली. "आता वाजंल हं, माझे बाई," तो म्हणाला. "भिऊ नको. मी हाय."

वाजलं. तिघंही दचकले. मग आईचा हात त्याच्या पाठीवर आणि त्याचा हात बाळाच्या पाठीवर, असे ते उन्हात उभे राहिले. बाळाने दुपट्यातून बाहेर आलेली बोटं हळूहळू मिटली, आठी सोडली, आणि ती पुन्हा झोपी गेली.